ग्रामसभा लाईव्ह, ४७ डोकी आणि चाकणचा चुलतभाऊ

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेकडच्या पट्ट्यात. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्याच दारावरून मला रोज वावरात जावं लागतं. मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या १५ ऑगस्टला, मी गावची ग्रामसभा मोबाईलवरून लाईव्ह दाखवली, आयुष्यात पहिल्यांदा. लाल बटन दाबलं की झालं, एवढंच मला माहीत होतं. बाकी सगळं त्या दिवशी आणि त्यानंतरच्या महिन्याभरात समजलं.

झालं असं की आमच्या गल्लीत जलजीवनची पाईपलाईन टाकली, चांगला सिमेंट रोड फोडून, नळ लागले, तोट्या लागल्या, आणि पाणी काही आलं नाही. योजनेत माणशी ५५ लिटर रोज लिहिलेलं आहे, आईच्या हिशेबानं तीन-चार गुंड, आणि आमच्या त्या नळाला सध्या शेजारची बकरी बांधलेली असते. गावातले निम्मे पोट्टे बाहेर, कोणी बुटीबोरीला, कोणी पुण्याकडं. माझा चुलतभाऊ चाकणला कंपनीत आहे, तो दर ग्रामसभेनंतर फोन करतो, "काय ठरलं बे?" आणि मी दरवेळी सांगतो, झेंडा झाला, पोरायले बिस्किटं वाटली, लोक घरी गेले, ठराव काय झाला ते मलेच मालूम नाही. ह्यावेळी तो म्हणाला, तुझ्याजवळ एवढा मोबाईल आहे, चालू करून ठेव ना समोर, आम्हीच पाहतो.

मी १४ तारखेला संध्याकाळी बसलो. म्हटलं यूट्यूबवर करू, चॅनल काढलं, नंबर व्हेरिफाय केला, मंग समजलं की मोबाईलवरनं लाईव्ह जायला निदान ५० सबस्क्रायबर पाहिजेत आणि पहिल्यांदा चालू करताना २४ तास थांबावं लागू शकते. माझ्याकडं सबस्क्रायबर शून्य आणि वेळ १५ तास. मंग फेसबुक. तिथंही गावाच्या नावानं नवीन पेज काढायला गेलो तं ते म्हणे खातं ६० दिवस जुनं पाहिजे आणि १०० फॉलोअर पाहिजेत. शेवटी माझं स्वतःचं जुनं खातं, ज्यावर लग्नाचे फोटो आणि बैलाचे फोटो आहेत, त्याच्यावरूनच करायचं ठरलं. जियो यायच्या आधी, २०१६ च्या आधी म्हणतो मी, एक जीबी डेटा महिनाभर पुरवून खायचो आपण, त्या काळात हे डोक्यातसुद्धा आलं नसतं, हे खरं आहे. पण आता सोपं झालंय म्हणणाऱ्यानं आमच्या गावात येऊन करून दाखवावं.

कारण नेटवर्क. इथंच सगळ्यात जास्त वेळ गेला. आपण रिचार्ज करताना स्पीड स्पीड म्हणतो तो डाउनलोडचा, लाईव्हला लागतो अपलोडचा, आणि तो आपण कधी पाहतच नाही. रात्री मी स्पीड मोजायचं ॲप टाकून गावभर फिरलो, बॅटरी घेऊन, कुत्रे मागं, लोकं विचारून राहिले काय हरवलं. शाळेच्या वर्गात, जिथं सभा होते, अपलोड ०.४ एमबीपीएस. वर्गाच्या दारात ०.९. मारुतीच्या पारावर ३ च्या वर. पण पारावर तं सभा नसते ना. दुसऱ्या कंपनीचं सिम पुतणीच्या फोनमध्ये होतं, ते खिडकीजवळ १.५ देत होतं, म्हणून तिचा हॉटस्पॉट खिडकीत आणि माझा फोन आत, असा जुगाड जमवला. एकदम चकचकीत चित्र कोणाला पाहिजे, ४८०पी ला एकच्या आसपास अपलोड सलग मिळाला तं माणसं ओळखू येतात आणि आवाज येतो, आपल्याला तेवढंच पाहिजे.

सकाळी बत्ती गेली. टीव्ही बंद, म्हणून बाबांना लाल किल्ल्यावरचं भाषण मोबाईलवर लावून दिलं, हॉटस्पॉटवरनंच, आणि ते भाषण त्या वर्षी पावणेदोन तासांच्या आसपास चाललं. ही चूक लक्षात ठेवा, पुढं येते.

सभा साडेदहाची, सुरू सव्वाअकराला. वर्गात शेवटच्या बाकावर दोन पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे, त्याच्यावर फोन आडवा, मागून तांब्याचा टेकू. सुरू केलं. पाच मिनिटं झाली, पाहणारे शून्य. पुतणी म्हणे काका, तुम्ही फक्त मित्रांना दिसेल असं ठेवलंय. बंद केलं, पब्लिक केलं, परत सुरू केलं. मंग बँकेच्या कार्डवाल्या बाईचा कॉल आला आणि आवाजच गेला. परत बंद. डू नॉट डिस्टर्ब लावून तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं होतं, म्हणजे वाचलं असं म्हणायचं, ग्रामसेवक भाऊंनी पानं उलटली. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, २०२४ मध्ये पदाचं नाव बदललं, पण गावात कोण म्हणते.)

आणि मी काय करून राहिलो होतो तं टीव्हीवाल्यासारखं बोलत होतो. नमस्कार मित्रांनो, आपण पाहू शकता, आपल्यासोबत आहेत. आज तो व्हिडिओ पाहिला की मलेच लाज वाटते. चुलतभावाची कमेंट आली, "तू चूप राह्य, त्यायचं ऐकू येऊन नाही राहिलं." मंग गप्प बसलो. फक्त कमेंट आली की वाचायची, एवढं ठेवलं.

उपसरपंचांचं लक्ष गेलं. "काऊन भाऊ, फोन कायले लावून ठेवला तिथं?"

म्हटलं लाईव्ह आहे, बाहेरगावच्या पोरायले पाहायचं आहे.

"बंद कर ते. परवानगी घेतली का? पोलीस केस होईल."

खरं सांगतो, पाय लटपटले. नंतर यवतमाळला एका वकील मित्राला विचारलं तं तो हसला, म्हणे अरे ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारांची सभा, ती काय चोरून घ्यायची गोष्ट आहे का, आणि आपल्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका केसमध्ये पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढणंसुद्धा शासकीय गुपितांच्या कायद्यात गुन्हा होत नाही असं म्हटलेलं आहे, तू तं शाळेच्या वर्गात होता. पण हे सगळं मागून समजलं. त्यावेळी तोंडातून एवढंच निघालं की भाऊ, शासनच म्हणते ना सभेचा व्हिडिओ काढा. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाचं जीएस निर्णय नावाचं ॲप आहे, ग्रामसभेचा व्हिडिओ पंचायतीनं त्याच्यावर टाकायचा असतो. हे मला असंच ऐकून माहीत होतं. पण ग्रामसेवक भाऊंना नक्की माहीत असावं, कारण ते एकदम खाली रजिस्टरमध्ये पाहायला लागले आणि म्हणाले, जाऊ द्या, घ्या पुढचा विषय.

मंग चाकणहून कमेंट आली, "किती लोकं हायेत, फोन फिरव." मी फोन उचलला, सावकाश या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरवला आणि मोठ्यानं मोजलं. माझ्यासकट ४७. त्यात महिला नऊ. नियम असा आहे की एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल तेवढी गणपूर्ती, म्हणजे कमीत कमी हजेरी, पाहिजे. आमच्याकडं मतदार साडेअकराशेच्या घरात, १५ टक्के म्हणजे १७० च्या वर जाते, म्हणून १०० तरी पाहिजेत. नसतील तं सभा तहकूब करून पुढची तारीख द्यायची. कोणी तहकूब केली नाही.

त्यानंतर चुलतभावाचा प्रश्न मी वाचला, नाव घेऊन, की आमच्या गल्लीत नळाला पाणी काऊन नाही आणि १५ व्या वित्त आयोगाचे ६० टक्के पैसे पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतात ते कुठं लागले. त्यानं ई-ग्रामस्वराज ह्या सरकारी पोर्टलवर जाऊन आमच्या पंचायतीचा खर्च पाहिला होता, तिथं कोणालाही दिसतो. उपसरपंच चिडून बोलले, "त्या चाकणवाल्याले सांग, गावात ये अन् मंग विचार. जो हजर नाही त्याले सभेत बोलता येत नाही." लोक हसले. मीही हसलो.

अडतिसाव्या मिनिटाला हॉटस्पॉटवाल्या फोनचा दिवसाचा दीड जीबी संपला. सकाळचं भाषण. हिशेब सोपा होता, अपलोड २ च्या हिशेबानं गेलं तं तासाला ९०० एमबी, १ नं गेलं तं साडेचारशे, पण उरलेलं किती ते आधी पाहिलंच नाही ना. पुतणीनं पानठेल्यावर पळत जाऊन डेटाचं व्हाउचर मारलं तोवर अकरा मिनिटं गेली आणि त्या अकरा मिनिटांत घरकुलाची यादी वाचून मोकळे झाले. जास्तीत जास्त पाहणारे ३४ होते. हसू नका, वर्गात ४७ होते.

आता जे सांगतो ते सांगायला बरं वाटत नाही. दुसऱ्या भागात एक आबाजी घरकुलासाठी उभे राहिले, आणि नाव कटल्याच्या रागात सगळंच बोलून गेले, बँकेचं कर्ज किती, सावकाराचे किती, पोरीच्या लग्नात कोणाकडून काय उसनं आणलं. वर्गात ऐकणारे सगळे गावचेच, त्यांना माहीतच होतं. पण पोरीच्या सासरच्या कोणीतरी ते लाईव्ह पाहिलं. तिसऱ्या दिवशी आबाजी माझ्या ओट्यावर येऊन बसले, शिवी दिली नाही, काही नाही, फक्त म्हणाले, "बापू, मले सांगतं तं मी तेवढं नसतो बोललो." शूटिंग करून मागून टाकलं असतं तं तेवढा तुकडा कापता आला असता. लाईव्हमध्ये गेलं ते गेलं. मी तो भाग त्याच दिवशी काढून टाकला, पण पाहणाऱ्यांनी पाहिला होता. तेव्हापासून मी सुरुवातीलाच उभा राहून मोठ्यानं सांगतो की हे लाईव्ह आहे, बाहेर दिसते, घरचं बोलायचं असंल तं हात दाखवा, मी फोन खाली करतो. आतापर्यंत दोघींनी हात दाखवला.

पहिला भाग मात्र ठेवला. पुतणीच म्हणाली, काका उतरवून घ्या, फेसबुक आता लाईव्हचे व्हिडिओ ३० दिवसच ठेवते, मंग उडवते. फेब्रुवारी २०२५ पासून असं केलंय त्यांनी. गावातल्या नेटवर उतरेना, अर्ध्यात तुटायचं, शेवटी तालुक्याला मोबाईल दुकानदाराच्या वायफायवर बसून उतरवला, पेन ड्राइव्हवर टाकला, दुकानदारानं चहाही पाजला. फक्त एक, उतरवलेल्या व्हिडिओत कमेंट येत नाहीत. त्यांचे स्क्रीनशॉट वेगळे काढावे लागतात, ते मी दोनच काढले होते.

२२ ऑगस्टला माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, त्या सभेचं हजेरी रजिस्टर आणि ठरावांच्या नकला मागितल्या. कायद्यानं ३० दिवस असतात. उत्तर आलं १९ सप्टेंबरला, मुदतीतच, पण फेसबुकवरचा व्हिडिओ १४ तारखेलाच उडाला होता. पेन ड्राइव्ह नसता तं मी रिकामा.

पानाला २ रुपये भरून कागद घेतले आणि पंचायतीच्या ओट्यावरच पाहायला बसलो. हजर ११८. आमच्या आजीचा अंगठा, जी खाटेवरून उठत नाही. शाळेच्या शिपायाचं सगळं घर. आणि ७१ नंबरला, पूर्ण सहीसकट, माझा चाकणचा चुलतभाऊ.

त्याला फोन केला, तो दोन मिनिटं नुसता हसत होता. मंग म्हणाला, "हजर होतो तं बोलू काऊन नाही देल्लं बे?" आणि तेव्हा मला आठवलं की व्हिडिओत उपसरपंच स्वतः बोलताना आहेत, चाकणवाल्याले सांग गावात ये. कमेंट उडाल्या होत्या, पण मी प्रश्न मोठ्यानं वाचला होता आणि त्यांनी मोठ्यानं उत्तर दिलं होतं, दोन्ही रेकॉर्डवर.

अर्ज, रजिस्टरच्या नकला आणि पेन ड्राइव्ह पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांच्या नावानं दिलं, पोच घेतली, पोचवर शिक्का मागून घेतला (मागावा लागतो). चौकशीला एक साहेब येऊन गेले, आजीला भेटले, आजीनं त्यांना त्यांचं गाव-कूळ विचारलं, ते परत गेले. पुढं काय ते अजून कागदावर नाही. नळाला पाणी नाही. उपसरपंच समोरून आले की मोबाईल कानाला लावतात.

२ ऑक्टोबरच्या सभेला रजिस्टर दारातच ठेवलं होतं आणि वर्गात ६८ जण होते, मोजले. शंभर झाले नाहीत म्हणून सभा तहकूब केली, मला आठवते तेव्हापासून पहिल्यांदा. तहकूब सभेला परत गणपूर्ती लागत नाही, म्हणजे पुढच्या वेळी वीस जणांतही ठराव होऊ शकतात, तो एक वेगळाच खेळ आहे आणि तो त्यांना आमच्यापेक्षा चांगला येतो. म्हणून त्या सभेलाही गेलो, फोन घेऊन, नवीन पॉवर बँक घेऊन. बाबांना सकाळी काहीच लावून दिलं नाही.

यूट्यूबचं अजून जमलेलं नाही. ५० पाहिजेत, सध्या ४३ आहेत, त्यातला एक आईच्या फोनवरून मीच केलेला.