आत्ता किती दाखवतंय?

डिसेंबरात भाचीचं लग्न दिल्लीला ठरलं, तेव्हापासून आमच्या कोथरूडच्या घरात दुपारचं ताट उचलायच्या आत कुणीतरी विचारतंच, "आत्ता किती दाखवतंय?" एखाद्याचा ताप विचारावा तसं. आणि मी फोन पुसून विमानभाड्याचा आकडा सांगते.

कार्डावरच्या खरेदीचे पॉइंट्स साठवून तिकीट काढणाऱ्या पॉइंट्सवाल्यांची जमात वेगळी. माझे दीर 'फुकट' विमानाने जातात; त्या फुकटापायी वर्षभर कार्डावर काय काय घेतलं, ते त्यांना विचारायचं नसतं. आम्ही आपले रोखीवाले.

परवा मात्र एक गंमत सापडली. चौघांचं एकदम बघितलं तर माणशी भाडं जास्त, एकट्याचं बघितलं तर कमी. खुर्च्या सगळ्या सारख्याच, पण आत त्यांचे भावाप्रमाणे गट पाडलेले असतात. स्वस्त गटात तीनच उरल्या असतील, तर चौथ्यासाठी सगळ्यांनाच पुढच्या महाग गटात ढकलतात. म्हणून तिकिटं तीन आणि एक अशी फोडून काढावीत. मुलगा म्हणतो, "इन्कॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीत शोध, नाहीतर साइट तुला ओळखते आणि भाव वाढवते." मला ते पटत नाही. मधल्या वेळात कुणीतरी स्वस्तातली खुर्ची उचलली, एवढंच झालेलं असतं. पण शोधते मी इन्कॉग्निटोतच. उगाच कशाला!

हे रक्तातलंच असावं. बाबांचं दैवत रेल्वेचं टाइमटेबल. अंतर वाढत जाईल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो, हे त्यांनी आम्हाला पाढ्यांच्याही आधी शिकवलं. म्हणून सुट्टीत सर्क्युलर तिकीट: पुण्याहून निघायचं, गोल फिरून पुण्यालाच यायचं, सगळं मिळून एकच तिकीट. वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. बाबा जमिनीवर नकाशा पसरून पेन्सिलीने गोल काढत बसायचे आणि आई म्हणायची, "आठदा उतरायचं म्हणजे होल्डॉल आठदा सोडायचा, आठदा बांधायचा. कोण बांधणार?" पण परवानगी आठाची आहे म्हटल्यावर सात ठिकाणी उतरणं बाबांना नुकसानीचं वाटे. इटारसीला आम्ही काय बघितलं, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा इटारसी स्टेशन.

त्या डब्यात समोरच्याचं भाडं किती, हा प्रश्नच नसे. पुठ्ठ्याच्या तिकिटावर छापलेलंच असायचं. विमानात शेजारच्याने आपल्याहून कमी दिलेत की जास्त, ही शंका बेल्ट लावल्यापासून पोटात असते. विचारायची चोरी. मी एकदा विचारलं. त्या बाईंनी सांगितलेला आकडा ऐकून पाणीसुद्धा गोड लागलं.

मुंबईहून कमी पडेल असं दरवेळी कुणीतरी सुचवतं. पडतंही. पुण्याचा लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा; मुंबईएवढी विमानं तिथे कुठून असणार? पण टॅक्सी, टोल आणि घाटातला खोळंबा धरला की वाचलेले पैसे खंडाळ्यातच उतरतात. मंगळवार-बुधवारचं, पहाटेचं, सामान सात किलोच्या बॅगेत कोंबून, असं घ्यावं. पहाटे तीनला उठवल्याबद्दल मुलं दिवसभर बोलत नाहीत, तेही एका अर्थी बरंच.

उड्डाण दोन दिवसांवर आलं की भाडं बहुतेकदा वर चढतं. ऐनवेळी निघणारा कंपनीच्या पैशांनी निघतो, असा त्यामागचा हिशेब. मावशीला नागपुरात आयसीयूत हलवलं त्या संध्याकाळी मामा आमच्याकडेच होता. मंडईत मटारवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालणारा माणूस. त्याने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "पहिलं जे असेल ते काढ." मी सवयीने भाव खालून वर लावायला गेले, तर म्हणाला, "वेळ बघ फक्त." परतीचं काढू का विचारलं, तर नको म्हणाला.