तुम्ही विचारलंत म्हणून: जुने फोटो मी रंगीत का करून देत नाही

"आजोबांचा नाटकातला फोटो आहे, रंगीत करून द्या ना. मोबाइलवर तर मिनिटात होतं." जळगाव, अमळनेर, धुळे, नंदुरबार, कुठूनही फोन आला की हेच. नाही म्हटलं की माणसं दुखावतात, काहींना तो शिष्टपणा वाटतो. म्हणून एकदाच नीट सांगतो.

पूर्वी फोटो काचेच्या प्लेटवर टिपत, आणि त्या जुन्या प्लेटला लाल रंग दिसतच नसे. निळा पांढुरका उतरायचा, लाल थेट काळा. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा १९०६पासून विकत मिळू लागल्या, पण त्या धुवायला पूर्ण अंधार लागे. जुन्या प्लेटा लाल दिव्यात, डोळ्यांदेखत धुता येत, त्यामुळे लहान स्टुडिओंनी त्या पुढे बरीच वर्षं सोडल्या नाहीत. सोंगाच्या फोटोत याचा घोळ सर्वांत जास्त. गालांवरची लाली काळी उतरते आणि धडधाकट नटाचे गाल बसलेले दिसतात. गुलाल उधळलेला माणूस काजळी फासल्यासारखा दिसतो.

हे माहीत असूनही मी एक फोटो रंगवला. नाटकात स्त्रीपार्ट करणाऱ्या एका गृहस्थांचा, नऊवारी शालूतला. शालू गडद होता. ॲपनं त्याला काळपट हिरवा दिला, मला तो पटेना, म्हणून मी काळा केला आणि काठ सोनेरी. गालांवरचे डागही पुसले. घरच्यांनी दोन बाय तीन फुटांची प्रत काढून दिवाणखान्यात लावली. त्या गृहस्थांची लेक, नव्वदीच्या आजी, काठी टेकत जवळ गेल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "काया नई भाऊ, लाल व्हता. मनी मायना लगीनना शालू."

काळा नाही, लाल होता. बायकोच्या लग्नाचा शालू नेसून ते उभे राहिले होते. फोटोत असलेली सर्वांत मोठी गोष्ट तीच, आणि ती मी काळी केली. मी पुसलेले डाग म्हणजे त्यांनी स्वतः लावलेली लाली. कपाळावरचं कुंकू शालूइतकंच काळं होतं. ते मी त्या शालूशी ताडून बघायला हवं होतं. अर्थात ताडूनही 'लाल असू शकतो' एवढंच कळलं असतं. लाल, मरून, शेंदरी आणि खरोखरचा काळा, त्या प्लेटवर चारही सारखेच.

पुन्हा करू म्हटलं, तर नवा मोठा फोटो आला म्हणून जुनी फ्रेम भंगारात गेलेली. माझ्याकडची स्कॅन ३०० डीपीआयची, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांची, तीत काठाची वीणसुद्धा दिसत नाही. आता चार बाय सहा इंचांचा फोटो ६००च्या खाली स्कॅन करत नाही, लहान असेल तर १२००, आणि स्कॅनच्या मूळ टिफ फाइलला हात लावत नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढत नाही. पावसाळी दमटपणानं त्यावरचा जिलेटिनचा थर काचेला धरलेला असतो, ओढला की चेहराच काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करतो.

'निदान स्वच्छ तरी करा' म्हणता. सातपुड्यातल्या होळीचे फोटो घ्या, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावाकडचे. मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरं नि वाळलेले भोपळे, आणि उघड्या अंगावर पांढरे ठिपके. धूळ काढणारं सॉफ्टवेअर ते ठिपके बुरशीचे समजून पुसतं. सोंग उतरतं, नुसता उघडा माणूस उरतो.

पूर्वी मीच म्हणायचो, रंग आले की नातवंडं फोटो बघतात, बघितले तर जपतात. ते खोटं नव्हतं. जुने स्टुडिओवालेही हातानं रंग भरायचेच, तेही अंदाजानं. मग मलाच काय अडचण, याचं चोख उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण त्या आजींसमोर पुन्हा उभं राहवणार नाही.

तेव्हा आधी फोटोतल्या कुंकवाकडे बघा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला लुगड्याचा, फेट्याचा रंग विचारा. तो फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं, दाब न देता लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो. एवढं करून या, मग रंगाचं बोलू.