तुम्ही विचारलंत म्हणून: प्रीती म्हणजे रोज नेमकं काय करता?

आम्ही ख्रिस्ती लोक 'शेजाऱ्यावर प्रीती करा' म्हणतो, ती प्रीती. शाळेत डबा खाताना सहकारी बाई हे विचारायच्या, चर्चच्या संडेस्कूलची मुलं विचारतात, परवा सुनेनंही विचारलं. दर वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

माझ्यापुरतं उत्तर एवढंच: परत जायचं.

येशूनं सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकलं. याजक म्हणजे मंदिरातला पुरोहित आला, लेवी म्हणजे मंदिरातला सेवक आला, दोघंही बाजूनं निघून गेले. थांबला तो शोमरोनी, ज्याच्या लोकांशी यहुदी व्यवहारही ठेवत नसत. जखमांवर तेल-द्राक्षारस, मग पट्ट्या, मग आपल्याच जनावरावर बसवून उतारशाळेत. इथवर सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला धरून ठेवतं ते पुढचं. दुसऱ्या दिवशी त्यानं उतारशाळेवाल्याला दोन दीनार दिले, म्हणजे त्या काळची मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि सांगितलं, याची काळजी घ्या, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा फेडीन. त्यानं परत यायचं आधीच ठरवलं होतं.

हे मला फार उशिरा कळलं. आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान गेले तेव्हा मी पहिल्या दिवशी धावत गेले. चहा केला, पाहुण्यांचं बघितलं, निघताना हात धरून म्हटलं, "वहिनी, काही लागलं तर सांगा हं." तेरावं झालं, पाहुणे पांगले, घर रिकामं झालं. तीन महिन्यांनी त्या दूध केंद्रावर भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, मधे दोन दिवस गॅस संपलेला होता, नंबर कसा लावायचा ते कळेना, हेच सगळं बघायचे. मी भिंतीपलीकडे होते. "सांगा" म्हणून मी माझं काम त्यांच्याच गळ्यात टाकलं होतं. दुःखातल्या माणसाला मागणं जमत नाही.

तेव्हापासून कुणाकडे भेटायला गेले की घरी आल्यावर कॅलेंडरवर महिन्यानंतरची तारीख लिहून ठेवते. आणि गेल्यावर "काय करू?" विचारत नाही. लाइटबिल मागून घेते, दळण घेऊन येते.

पंडिता रमाबाईंची थोरवी मला इथेच दिसते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. दुष्काळ सरला, पण केडगावच्या मुक्तिसदनात, रमाबाईंच्याच आश्रमात, त्या मुली राहिल्या, शिकल्या, विणकाम आणि छपाईही करू लागल्या. अंध मुलींना रमाबाईंच्या लेकीनं, मनोरमाबाईंनी, ब्रेल शिकवलं. एक वेळ जेवू घालणं सोपं असतं हो, वर्षानुवर्षं सांभाळायला मन लागतं.

माझं काम त्यापुढे तिळाएवढं. तळमजल्यावरच्या काकूंना मधुमेह आहे, वाकता येत नाही. महिन्यातून एकदा त्यांच्या पायांची नखं काढते. टबात कोमट पाणी, आधी स्वतःच्या कोपरानं बघते, कारण त्यांच्या पायाला चटका कळत नाही. पाय थोडा वेळच बुडवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या आणि नखं सरळ कापायची, कोपऱ्यात खोल जायचं नाही. पहिल्या वेळी त्यांनी पाय मागे ओढले. "अगं, पायाला काय हात लावतेस!" मी म्हटलं, "काकू, आमच्या प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले होते, मला नखं तरी काढू द्या." त्या काही बोलल्या नाहीत, पण पाय पुन्हा पाण्यात ठेवला. आता मी येणार त्या दिवशी टॉवेल आधीच काढून ठेवतात.

आज कॅलेंडरवर त्यांचंच नाव आहे. चार वाजता जायचंय, नेलकटर पर्समध्ये टाकलाय.