सराव पाठ पाहून आल्यावर

आज साताऱ्याजवळच्या शाळेत डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक पदविकेच्या) छात्राध्यापकांचे सराव पाठ झाले. तिसरी, हातच्याची वजाबाकी, ५२ − २७. टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) उद्दिष्ट होतं ‘वजाबाकी समजते’. हे तपासायचं कसं? ‘दशक सुटा करून दोन अंकी वजाबाकी करतो’ असं लिहिलं की शेवटची ५ मिनिटं ठरतात: प्रत्येकाच्या पाटीवर एक उदाहरण. उत्तर ३५ आलं तर मुलाने ७ मधून २ वजा केलेत, दशकाचा, म्हणजे दहा काड्यांचा, गठ्ठा सोडलेलाच नाही. काड्यांचे ५ गठ्ठे टेबलावर सुरेख मांडलेले, पण सोडले शिक्षकानेच. मुलांच्या हाती काहीच नाही. अशा वेळी शैक्षणिक साधनाचे पूर्ण गुण देऊ नयेत. आणि ‘समजलं का?’ला आलेला एकसुरी ‘होऽऽ’ मूल्यमापनाच्या रकान्यात कृपा करून लिहू नका.