६० चिठ्ठ्या आणि एकीकडे झुकलेली गोदावरी

नाशिकमधली शनिवारची सकाळची शाळा. नववीच्या जलसुरक्षेच्या तासाला ३० मुलं हजर होती आणि गोदावरीबद्दल प्रत्येकाने दोन चिठ्ठ्या लिहून आणल्या होत्या. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा, तोही पाच-सहा शब्दांत, एवढीच अट. आजवर या चिठ्ठ्या वर्गाच्या भिंतीवर डिंकाने लावायचो. डिंक वाळला की चिठ्ठी हलवताना फाटते, म्हणून सुचेल ती पहिली मांडणीच शेवटची ठरते. यंदा तेच काम संगणक कक्षात फ्रीप्लेनवर केलं, त्यात मुद्द्यांचा फांद्या-फांद्यांचा नकाशा (माइंड मॅप) काढता येतो. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एकदा बसवलं की इंटरनेट लागत नाही. जुन्या मशिनवर उघडायला मात्र दम खातं.

सुरुवात थेट नकाशात करायची नाही, हे आधीच ठरवलं होतं. समोर फांद्या दिसल्या की मुलं मुद्दा सोडून रंग निवडत बसतात. म्हणून चार मुलांनी नोटपॅडमध्ये चिठ्ठ्या उतरवल्या, एका ओळीत एक. मराठीसाठी विंडोजमधलाच इनस्क्रिप्ट कीबोर्ड. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ ठेवायचं. जुन्या नोटपॅडमध्ये एएनएसआय राहिलं तर दुसऱ्या दिवशी मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. माझी स्वतःची जुनी टिपणं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. ती चिकटवल्यावर पडद्यावर अगम्य अक्षरांची खिचडी झाली. कन्व्हर्टरमधून काढूनही काही जोडाक्षरं बिघडलेलीच राहतात, ती नजरेने तपासावी लागतात. त्या दिवशी ती टिपणं बाजूला ठेवली.

मग सगळ्या ओळी कॉपी करून मधल्या ‘गोदावरी’ या फांदीवर पेस्ट केल्या. प्रत्येक ओळीची वेगळी फांदी होते. ओळीच्या आधी टॅबची जागा सोडली असेल तर ती वरच्या ओळीची पोटफांदी बनते. पुढचं काम चार कळांचं: टॅबने पोटफांदी, एंटरने शेजारची, एफ २ ने दुरुस्ती, स्पेसबारने घडी (पोटफांद्या मिटवणं-उलगडणं). घोटाळा होतो तो एकाच ठिकाणी. फांदी निवडलेली असताना चुकून अक्षराची कळ दाबली गेली, की जुना मजकूर जाऊन नवा सुरू होतो. तिथे घाबरून एंटर मारायचा नाही, एस्केप. मुलांना हे तीनदा सांगावं लागलं, मला दोनदा.

फांद्या ओढून गट पाडायला पाऊण तास गेला. रामकुंड, निर्माल्य, घाटावरचं कपडे धुणं, फेसाळ पाणी हे सगळं एका गटात: ३७. पूर ११. ‘दुतोंड्या मारुती बुडाला म्हणजे मोठा पूर’ हे त्यांतल्या तीन चिठ्ठ्यांत होतं; ही गोदापात्रातली मारुतीची मूर्ती. सिंहस्थ आणि देवळं ७. उरल्या ५: गंगापूर धरणाच्या २, आणि दारणा नदी, नांदूरमध्यमेश्वर, जायकवाडी धरण यांची एकेक.

एका मुलीने सगळ्या गटांची घडी उलगडली आणि पडदा एकीकडून गच्च भरला, दुसरीकडे पाच काड्या. “सर, आपली नदी होळकर पुलापाशीच संपते की काय?” भिंतीवर हे कधी दिसलं नव्हतं, कारण तिथे जागा भरेल तशी चिठ्ठी लागत असे. ब्रह्मगिरीवर उगम पावून १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळणारी नदी पुस्तकात सगळ्यांना पाठ होती. चिठ्ठ्यांत ती जेमतेम रामकुंडाएवढी उरली होती.

दुसरी अडचण पानवेलींची (जलपर्णीची) निघाली. त्या प्रदूषणाच्या गटात घालायच्या की नांदूरमध्यमेश्वरच्या पाणपक्ष्यांखाली? रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मान्यता, मिळालेली ती पाणथळ जागा. तिथे पानवेल पसरली की उघडं पाणी झाकलं जातं. असल्या नकाशात एका फांदीला एकच आई असते, आणि खरी अडचण तिथेच होते. उपाय दोन: दोन फांद्यांमध्ये जोडरेषा काढायची किंवा क्लोन करून दोन्हीकडे ठेवायची. क्लोन एका जागी दुरुस्त केला की दुसरीकडेही बदलतो. साधी कॉपी केली तर एक प्रत सुधारली जाते, दुसरी तशीच राहते. आम्ही जोडरेषा काढली आणि तिच्यावर ‘सांडपाण्यातलं खत’ असं लिहिलं. कारण रेषेवर लिहिल्याशिवाय नुसत्या रेषेला अर्थ नाही. तीन-चारपेक्षा जास्त रेषा मात्र काढू नयेत, जाळं होतं आणि कोणीच वाचत नाही.

छपाईत घाई केली. सगळ्या फांद्या उघड्या ठेवून ए ४ वर काढलं, अक्षरं मुंगीएवढी. दुसऱ्या वेळी ३७ चा गट स्पेसबारने मिटवला, बाकीचा नकाशा ए ३ वर घेतला, मग मागच्या बाकावरून वाचता आला.

फाइलच्या नावात तारीख घातली आणि मूळ तशीच ठेवून पुढच्या कामाला प्रत काढली. त्या प्रतीत पाच काड्यांखाली पोटफांद्या उघडल्या, मजकुराच्या जागी फक्त प्रश्न: गंगापूरचं पाणी शहरात कुठे शुद्ध होतं? दारणा गोदावरीला कुठे मिळते? जायकवाडीला पाणी सोडलं की नाशिकमध्ये आरडाओरड का होते? शेवटच्या प्रश्नाला सात हात वर आले. दारणेला एकही नाही, ती देवळाली कॅम्पहून येणाऱ्या दोघांच्या गळ्यात घातली.