ऱ्हस्व पु

चादरींच्या दुकानात गादीवर बसून गिऱ्हाईक करायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. डुप्लिकेट माल किती बघितला त्याला गणती नाही. पण त्या सोमवारच्या मावशी डोक्यातून जात नाहीत.

आदल्या रात्री भाच्यानं हट्टानं ‘नॉक ऑफ’, म्हणजे ‘नकली माल’, दाखवला होता. "मामा, तुमच्या धंद्यावरचा पिक्चर आहे." 1998 चा, हाणामारीवाल्या व्हॅन डॅमचा. दिग्दर्शक त्सुई हार्क. 1997 साली हाँगकाँग चीनकडे जायच्या वेळची गोष्ट. नकली जीन्सच्या बटणात एवढेएवढे बॉम्ब, आणि स्फोट झाला की ज्वाळा चक्क हिरव्या! समीक्षकांनी तेव्हा धू धू धुतला होता. कथेला शेंडा ना बुडखा, विनोद फुसके. मलाही निम्मं कळलं नाही, तेव्हा त्यांचं काही चुकलं नसावं. पुढं काही जाणकार त्यातल्या गरगर फिरणाऱ्या कॅमेऱ्याचं कौतुक करायला लागले, असं भाचा म्हणाला. असेल. मला मात्र एकच जागा पटली: सुरुवातीच्या हातरिक्षांच्या शर्यतीत हिरोच्या पायातला नकली ‘पुम्मा’ बूट ऐन पळताना दगा देतो. आमच्या धंद्यात बॉम्बची गरजच पडत नाही.

तर सोमवारी अकराच्या सुमाराला मावशी आल्या. पिशवीतनं चादर काढून गादीवर आपटली.

"लेकीच्या रुखवतात मांडली होती हो. दोन धुण्यात ही गत!"

मोराचा लाल रंग पांढऱ्यात उतरून सगळं गुलाबी झालेलं. अंगभर गोळे. लेबल मात्र आमचंच. मागाचं चित्र तेच, रंग तोच.

"कुठं घेतली, मावशी?"

"गावाकडं. टेम्पोवाला आलता."

काठाचा एक धागा उपसला आणि काडी लावली. सुती असता तर कागदासारखा जळून बोटात भुरभुरीत राख उरली असती. हा आक्रसला, वितळला, आणि टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी कडक काळी गोळी. प्लास्टिकचा वास. मावशींनी नाकाला पदर लावला.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, बाहेर विणलेल्या मालावर ते नाव लावता येत नाही, असं मी समजावत होतो. पण तो कागद काय मावशी पांघरणार होत्या? तेवढ्यात लेबलावर परत नजर गेली आणि काहीतरी खटकलं. आमच्या लेबलावर मालकांच्या वडलांच्या काळापासून ‘सोलापुर’ छापतात, ऱ्हस्व. ठसा तसाच पडला, कुणी बदलला नाही. ह्या लेबलावर दीर्घ पू होता. नकलाकारानं आमचं शुद्धलेखन दुरुस्त केलेलं!

"म्हणजे चुकीचं लिहिलेली खरी आन् बरोबर लिहिलेली खोटी होय?" मावशी म्हणाल्या. शेजारचं गिऱ्हाईक हसायला लागलं. मला कुठं तोंड लपवू झालं.

मालकांनी मावशींना एक चादर खरेदीच्या भावात दिली. तिचं लेबल मावशींनी आधी नीट वाचून घेतलं, मगच पिशवीत टाकली.

संध्याकाळी शटर ओढताना मी म्हटलं, "मालक, पुढच्या ऑर्डरला तेवढा पू दीर्घ करून घेऊ की."

"गप बस की बे. आता दुरुस्त केला तर आपलीच डुप्लिकेट ठरंल."