बिठूरला बघायचं काय?

मी कानपुरात राहते म्हटलं की महाराष्ट्रातून आलेला पाहुणा हमखास विचारतो, ‘बिठूर इथून जवळच ना? पेशव्यांचा वाडा उरलाय का? नसेल तर तिथं बघायचं काय?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वाडा उरलेला नाही. १८१८ मध्ये शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला, तेव्हा काशी किंवा दुसऱ्या एखाद्या तीर्थक्षेत्री राहायचं आणि वर्षाला आठ लाखांचा तनखा घ्यायचा, असं ठरलं. तीर्थ ठरलं ते गंगेकाठचं ब्रह्मावर्त, म्हणजे बिठूर. कानपूरची इंग्रजी छावणी तिथून जवळ, नजर ठेवायला सोयीची. पेशव्यामागोमाग भटजी, कारकून, शिपाई, आश्रित असा मोठा गोतावळा गंगेकाठी आला. मोरोपंत तांब्यांच्या मनूचं, पुढच्या राणी लक्ष्मीबाईचं, लहानपण इथंच गेलं. येवल्याचे तात्या टोपे इथंच वाढले. कर्जतजवळच्या वेणगावचे धोंडोपंत इथं दत्तक जाऊन नानासाहेब झाले.

१८५१ मध्ये बाजीराव वारले आणि कंपनीनं तनखा बंद केला. दाद मागायला नानासाहेबांनी आपला वकील अझीमुल्ला खान याला थेट लंडनला धाडलं, तिथंही नकारच मिळाला. पुढचं सत्तावन्न तुम्हाला ठाऊक आहे. कानपुरात सतीचौरा घाटावर आणि बीबीघरात इंग्रज बायकामुलांची जी कत्तल झाली ती भयंकर होती, आणि ती टाळून बिठूरची गोष्ट सांगू नये असं मला वाटतं. पण सूड कुणावर उगवला? नानासाहेब हाती लागले नाहीत. गाव मात्र जागेवरच होतं. जुलै १८५७ मध्ये इंग्रजांनी वाडा पेटवला, ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती हॅवलॉकनं इथं पुन्हा लढाई केली आणि डिसेंबरात दुसरा सेनापती होप ग्रँट याच्या फौजेनं उरलंसुरलं पाडलं, देऊळसुद्धा. वाड्याची विहीर उपसायला सैनिक पाळ्या लावून खपत होते. तळातून रुपयांनी भरलेल्या दारूगोळ्याच्या पेट्या निघाल्या, सोन्याचांदीची भांडी निघाली, पेशव्यांची चांदीची अंबारीही निघाली. ती सगळी दौलत गेली. आज वाड्याच्या परिसरात नानाराव (म्हणजे नानासाहेब) स्मारक आहे, बाग आहे, पुतळे आहेत.

आपली माणसं तिथं फोटो काढतात, हळहळतात आणि तासाभरात परत फिरतात. याचं मला खरंच वाईट वाटतं. पेशवे या गावात राहिले ते जेमतेम चाळीस वर्षं. गाव त्याआधीही होतं. वाल्मीकींचा आश्रम इथला, सीतेनं लव-कुशांना वाढवलं ते इथंच, ही इथल्या लोकांची श्रद्धा. ध्रुवाचा टीला, म्हणजे टेकडी, तीही इथलीच. अवधच्या नवाबाचे दिवाण टिकैत राय यांनी बांधवलेला लाल दगडाचा पत्थर घाट अजून उभा आहे. ब्रह्मावर्त घाटाच्या पायऱ्यांवर एक छोटीशी देवळी आहे. तिच्यात ब्रह्माची खुंटी आहे, लहानशी, फुलं वाहिली की दिसेनाशी होणारी. सृष्टी निर्माण केल्यावर ब्रह्मदेवानं इथं यज्ञ केला, आणि पृथ्वीचा मध्य तो हाच, असं मानतात. कार्तिकी पौर्णिमेला स्नानाला आलेल्या खेड्यापाड्यांतल्या बायका तिच्यापुढे वाकतात. पेशवे आले-गेले, पण या गावाचं पोट चालतं ते पंडे, नावाडी आणि फुलं विकणाऱ्यांच्या जोरावर.

आणि तरी याच गावानं आपली नावं जपली. नानाराव म्हटलं की इथं अनोळखी माणूसही आपुलकीनं बोलायला लागतो. ज्या पाहुण्यांपायी गाव जळलं, त्यांच्याबद्दल कडवट शब्द मला तिथं कधी ऐकायला मिळाला नाही. आपण मात्र इथल्या माणसांच्या गावाला ‘आपलं बिठूर’ म्हणतो आणि त्यांची साधी विचारपूसही करत नाही.

तेव्हा याल तर सकाळी लवकर या, कानपुराहून गाडीनं तासाभराच्या आत पोहोचाल. आधी होडी करा आणि नदीतून घाट बघा. नावाड्याला गावाबद्दल विचारा आणि त्याचं सगळं ऐकून घ्या. वाड्याची जागा शेवटी बघितली तरी चालेल.